नोम ते प्रोविदेनिया: पाऊण तासाचं अंतर आणि वीस हजार किलोमीटरचा वळसा

नोम आणि प्रोविदेनिया. ही दोन नावं आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली नसतील. नोम हे अमेरिकेच्या अलास्का राज्यातलं, बेरिंग समुद्राच्या काठावरचं गाव. वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. उरलेल्या अलास्काशी त्याला जोडणारा रस्ताच नाही. विमानाने जा, नाहीतर उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर जहाजाने. प्रोविदेनिया त्याच समुद्राच्या पलीकडच्या काठावर, रशियाच्या चुकोत्का प्रांतात. वस्ती दोन हजारांच्या घरात, आणि रस्त्याच्या बाबतीत तिथेही तीच कथा.

दोन्ही गावांना विमानतळ आहे. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण 375 किलोमीटर, म्हणजे मुंबईहून रस्त्याने कोल्हापूर गाठायला जेवढं पडतं तेवढंच. जेट विमानाला पाऊण तास पुरतो, पंख्याच्या छोट्या विमानाला तासभर.

आता आज एखाद्याला नोमहून प्रोविदेनियाला जायचं असेल तर काय करावं लागेल बघा. नोमहून अँकरेज, तिथून सिअ‍ॅटल, तिथून इस्तंबूल, मग मॉस्को. मॉस्कोहून पुन्हा पूर्वेकडे अख्खा रशिया ओलांडत सुमारे 6,200 किलोमीटरवर अनादिर. आणि अनादिरहून, हवामान चांगलं असेल आणि विमान मिळालं तर, प्रोविदेनिया. नकाशावर बेरीज केली तर वीस हजार किलोमीटरच्या वर जाते. पृथ्वीचा अर्धा परीघ झाला की हा! वेळ किती दिवसांचा लागेल हे अनादिरचं हवामान ठरवणार. वर व्हिसा, आणि चुकोत्का सरहद्दीचा भाग असल्यामुळे तिथला वेगळा परवाना.

समुद्र तोच, विमानतळही तेच. मग 375 चे वीस हजार झाले कसे? या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा लक्षात आलं की गेल्या शंभर वर्षांत या दोन किनाऱ्यांमधलं अंतर अनेकदा बदललंय. आणि दर वेळी ते बदललं ते तंत्रज्ञानामुळे नाही, परवानगीमुळे.

सुरुवात 1867 पासून करावी लागते. त्या वर्षी रशियाने अलास्का अमेरिकेला 72 लाख डॉलरला विकलं. करारातली सीमारेषा बेरिंगच्या सामुद्रधुनीतल्या दोन छोट्या बेटांच्या मधून काढली. मोठं डायोमीड रशियाचं, धाकटं डायोमीड अमेरिकेचं. दोघांत चार किलोमीटरही अंतर नाही. अलास्का अमेरिकेकडे गेलं तसं तिथलं कॅलेंडरही बदललं आणि वारही. रशियन पद्धतीने 6 ऑक्टोबर, शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी उजाडला 18 ऑक्टोबर, आणि तोही शुक्रवारच! लागोपाठ दोन शुक्रवार. पुढे आंतरराष्ट्रीय वाररेषाही याच फटीतून गेली. आज हिवाळ्यात रशियाकडचं घड्याळ अलास्काच्या 21 तास पुढे असतं. धाकट्या डायोमीडवरून समोर बघितलं की उद्याचा दिवस दिसतो, असं तिथे गमतीने म्हणतात ते त्यामुळेच.

पण कागदावर रेघ मारणाऱ्यांनी एक गोष्ट विचारात घेतली नव्हती. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकच माणसं राहत होती. सायबेरियन युपिक. अलास्काच्या सेंट लॉरेन्स बेटावरचं गॅम्बेल गाव चुकोत्काच्या किनाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर आहे. अमेरिकेच्या मुख्य भूमीपेक्षा आशिया जवळ. भाषा एक, कुळं एक, लग्नसंबंध इकडून तिकडे. वॉलरसच्या कातड्याच्या होड्या घेऊन ही मंडळी शेकडो वर्षं ये-जा करत होती. वारा बरा असेल तर जायचं, नसेल तर थांबायचं. अंतर मोजायचं त्यांचं माप तेवढंच.

मग विमान आलं. आणि इथून गोष्ट खरी रंगते.

1929 च्या नोव्हेंबरमध्ये कार्ल बेन आयेल्सन नावाचा अलास्कातला नामांकित वैमानिक आपल्या मेकॅनिकसह सायबेरियाकडे निघाला. तिकडच्या किनाऱ्यावर बर्फात अडकलेल्या एका जहाजावरचा फरचा माल आणि माणसं आणायची होती. वादळात विमान कोसळलं, दोघेही गेले. त्यांना शोधायला अमेरिकन वैमानिक गेले आणि त्यांच्यासोबत सोव्हिएत वैमानिकही उतरले. मृतदेह सापडले ते 1930 च्या फेब्रुवारीत. ते घेऊन माव्रिकी स्लेपन्योव हा सोव्हिएत वैमानिक अलास्कापर्यंत आला.

इथे जरा थांबा. 1930 साली अमेरिका आणि सोव्हिएत युनियन यांच्यात राजनैतिक संबंधच नव्हते. अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली ती 1933 च्या नोव्हेंबरमध्ये. म्हणजे एकमेकांचं अस्तित्व अधिकृतपणे न मानणाऱ्या दोन देशांची विमानं या पट्ट्यात एकमेकांच्या मेलेल्या माणसांसाठी उडत होती. 1933 च्या उन्हाळ्यात जिमी मॅटर्न हा अमेरिकन वैमानिक एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करताना अनादिरजवळ कोसळला. त्याला सिगिझमुंड लेव्हानेव्स्की या सोव्हिएत वैमानिकाने नोमला आणून सोडलं. तेव्हाही मान्यता मिळायला काही महिने बाकी होते.

1934 चा प्रसंग तर आणखी भारी. चेल्युस्किन नावाचं सोव्हिएत जहाज फेब्रुवारीत चुकोत्काच्या उत्तरेला बर्फाने चिरडलं जाऊन बुडालं. 104 माणसं तरंगत्या बर्फावर तंबू ठोकून राहिली. त्यांना काढायला विमानं हवीत. मॉस्कोने काय केलं? लेव्हानेव्स्की आणि स्लेपन्योव यांना पश्चिमेकडे पाठवलं! युरोप, मग अटलांटिक, मग न्यूयॉर्क, मग अलास्का. तिथे अमेरिकन विमानं विकत घेतली आणि नोमहून सामुद्रधुनी ओलांडून चुकोत्का गाठलं. मॉस्कोहून रशियाच्याच पूर्व टोकाला जायचा एक व्यवहार्य रस्ता नोमवरून जात होता. आज तोच प्रवास बरोबर उलटा करावा लागतो.

मोहिमेचे प्रमुख ओटो श्मिट बर्फावर न्यूमोनियाने आजारी पडले. स्लेपन्योवने त्यांना उचललं आणि उपचारासाठी नोमच्या इस्पितळात नेलं, कारण तेच जवळ होतं. त्या विमानांसोबत गेलेल्या दोन अमेरिकन मेकॅनिकांना पुढे सोव्हिएत सरकारने ऑर्डर ऑफ लेनिन दिला. स्टालिनचा रशिया आणि अमेरिकन मेकॅनिकच्या छातीवर लेनिनचं पदक. असंही एकदा घडून गेलंय.

दुसऱ्या महायुद्धात हा रस्ता म्हणजे हमरस्ताच झाला. हिटलरशी लढणाऱ्या सोव्हिएत युनियनला अमेरिका विमानं देत होती. 1942 च्या शरद ऋतूपासून ती अलास्कातल्या फेअरबँक्सला सोव्हिएत वैमानिकांच्या ताब्यात दिली जायची. विमानावर लाल तारा रंगवलेला. फेअरबँक्सहून नोम, तिथे इंधन भरायचं, मग सामुद्रधुनी ओलांडून चुकोत्कातलं उएल्काल, आणि तिथून टप्प्याटप्प्याने सायबेरिया पार करत क्रास्नोयार्स्क. युद्ध संपेपर्यंत या वाटेने जवळपास आठ हजार विमानं गेली. थंडीने, धुक्याने, अपघातांत वैमानिक मेले. अलास्कात जे गेले त्यांच्यातल्या काहींच्या कबरी अजून अँकरेजच्या लष्करी दफनभूमीत आहेत.

पण या रस्त्याचं उगाच गोड चित्र रंगवायला नको. 1944 च्या मे महिन्यात अमेरिकेचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस याच वाटेने सायबेरियात गेले आणि मगादानला उतरले. मगादान म्हणजे कोलिमाच्या छळछावण्यांचं प्रवेशद्वार. पाहुणे येणार म्हणून पहाऱ्याचे मनोरे पाडले, कैदी नजरेआड केले, दुकानांत माल भरला. वॉलेस भारावून परत आले. काही वर्षांनी सत्य बाहेर आलं, तेव्हा आपण फसलो हे त्यांनी जाहीरपणे मान्य केलं. आकाश मोकळं असलं म्हणजे जमीनही मोकळी असते असं नाही, एवढं यातून लक्षात ठेवावं.

मगादान हे नाव लक्षात असू द्या. पुढे आपल्या कामाला येणार आहे.

युद्ध संपलं आणि तीन वर्षांत दार बंद झालं. 1938 च्या एका समझोत्यानुसार युपिक लोकांना नातेवाइकांकडे व्हिसाशिवाय जाता यायचं. 1948 मध्ये तेही थांबलं. त्याच उन्हाळ्यात धाकट्या डायोमीडवरची 18 माणसं नेहमीसारखी मोठ्या डायोमीडला गेली आणि त्यांना 52 दिवस अडकवून ठेवलं गेलं. मोठ्या डायोमीडवरची वस्ती उठवून मुख्य भूमीवर नेली, बेटावर फक्त सरहद्दीचे सैनिक उरले. 1958 मध्ये सामुद्रधुनीच्या काठावरचं नाउकान गावही रिकामं केलं. युरोपात पोलादी पडदा होता, तसा इथे बर्फाचा पडदा.

मग चाळीस वर्षं नोम आणि प्रोविदेनिया यांच्यात अंतर किती होतं? या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. वाटच नव्हती.

या चाळीस वर्षांत आकाशाने बळीही घेतले. 1955 मध्ये सोव्हिएत लढाऊ विमानांनी अमेरिकन नौदलाचं एक टेहळणी विमान सेंट लॉरेन्स बेटाजवळ मारलं. ते बेटावरच कसंबसं उतरलं आणि जखमींना गॅम्बेलच्या गावकऱ्यांनी वाचवलं. 1 सप्टेंबर 1983 ला अँकरेजहून सेऊलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. 269 माणसं गेली.

पडद्याला भोक पडलं ते सरकारांमुळे कमी आणि खटपट्या माणसांमुळे जास्त. नोममधला एक घर-जमिनीचा दलाल हेलियमच्या फुग्यांना चिठ्ठ्या बांधून वाऱ्यावर सायबेरियाकडे सोडायचा. लोक त्याला वेडा म्हणायचे. 7 ऑगस्ट 1987 ला लिन कॉक्स ही अमेरिकन जलतरणपटू बर्फगार पाण्यातून धाकट्या डायोमीडहून मोठ्या डायोमीडपर्यंत पोहत गेली. साधारण दोन तास लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये क्षेपणास्त्र करारासाठी वॉशिंग्टनला आलेल्या गोर्बाचेव्ह यांनी रेगन यांच्यासमोर तिचा आवर्जून उल्लेख केला.

आणि मग 13 जून 1988. अलास्का एअरलाइन्सचं एक बोइंग 737 नोमहून उडालं. आत ऐंशीच्या आसपास माणसं. अलास्काचे गव्हर्नर, सिनेटर, पत्रकार, आणि या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे युपिक म्हातारेकोतारे. पाऊण तासात विमान प्रोविदेनियाला उतरलं. चाळीस वर्षं न भेटलेले नातेवाईक एकमेकांसमोर उभे राहिले आणि बोलू लागले. इंग्रजी किंवा रशियन नाही, युपिकमध्ये. सरकारी दुभाषे बाजूला राहिले.

पाऊण तास! चाळीस वर्षं अडलेला प्रवास पाऊण तासाचा होता.

1989 च्या सप्टेंबरमध्ये दोन देशांनी करार करून मूळ रहिवाशांना पुन्हा व्हिसाशिवाय जायची मुभा दिली. नोमहून छोटी चार्टर विमानं प्रोविदेनियाला जाऊ लागली. 1991 पासून अलास्का एअरलाइन्सने मगादान आणि खाबारोव्स्कला नियमित सेवा सुरू केली. 1998 मध्ये रशियाची अर्थव्यवस्था कोसळली आणि ती सेवा गुंडाळली. पण छोटी विमानं अधूनमधून चालू राहिली. लोक लग्नाला गेले, मयताला गेले.

2020 मध्ये कोव्हिड आला, सीमा बंद. आणि त्यातून उघडायच्या आधीच 2022 च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. अमेरिकेने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने पाश्चात्त्य विमानांना. 375 चे पुन्हा वीस हजार झाले. त्या ऑक्टोबरमध्ये दोन रशियन नागरिक सक्तीची लष्करभरती चुकवायला छोट्या बोटीने समुद्र ओलांडून थेट गॅम्बेलला येऊन उतरले. विमान बंद झाल्यावर माणसं पुन्हा होडीवर आली.

आता कुणी म्हणेल, आपल्याला काय त्याचं? आहे ना.

रशियाचं आकाश बंद झाल्यावर युनायटेडने 2022 च्या मार्चमध्ये भारताच्या दोन फेऱ्या थांबवल्या. त्यातली एक मुंबई ते नेवार्क होती. एअर इंडियाला मात्र रशियावरून जायची मोकळीक राहिली, कारण भारताने बंदी घातली नव्हती. 6 जून 2023 ला दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या इंजिनात बिघाड झाला आणि ते उतरलं कुठे? मगादानला. 216 प्रवासी आणि 16 कर्मचारी. एवढ्या माणसांना पुरतील इतकी हॉटेलं गावात नाहीत, म्हणून बऱ्याच जणांची सोय वसतिगृहात आणि शाळेत केली. दुसरं विमान मुंबईहून गेलं. ते मगादानहून 8 जूनच्या सकाळी दहानंतर उडालं आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं ते 8 जूनलाच, मध्यरात्रीचे बारा वाजून गेल्यावर. घड्याळाच्या हिशेबाने निघायच्या दहा तास आधी! 1867 सालच्या दोन शुक्रवारांचीच ही पुढची पिढी.

2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, भारतानेही तेच केलं. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी विमानं इंधनासाठी युरोपात थांबायला लागली. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना हा हिशेब तोंडपाठ आहे. आणि मुळात भारतीय हवाई वाहतुकीचा इतिहास सुरू कुठून होतो? 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले तिथून. कराची ते मुंबई, पावणेनऊशे किलोमीटर. आज तेच अंतर कापायला आखातात जाऊन यावं लागतं. आपलंही एक नोम-प्रोविदेनिया आहे, आणि तिथेही दोन्हीकडे नातेवाईक आहेत.

हल्ला करणाऱ्या देशाला आकाश बंद करू नये, असं माझं म्हणणं नाही. युद्धात किंमत मोजायला लावावीच लागते. प्रश्न एवढाच, की ती मोजतंय कोण?

15 ऑगस्ट 2025 ला पुतिन ट्रम्प यांना भेटायला अँकरेजला गेले. जाताना वाटेत मगादानला थांबले, युद्धकाळातल्या त्या विमानमार्गाच्या स्मारकाला फुलं वाहिली. अँकरेजला सोव्हिएत वैमानिकांच्या कबरींवरही फुलं ठेवली. मगादान ते अँकरेज काही तासांचा सरळ प्रवास. म्हणजे आकाश बंद होतं, पण सगळ्यांसाठी नाही. ज्याने युद्ध पुकारलं त्याच्यासाठी एका दिवसापुरतं उघडलं. गॅम्बेलच्या म्हातारीला मात्र साठ किलोमीटरवरच्या चुलतबहिणीच्या मयताला जायचं असेल तर वीस हजार किलोमीटर.

मला 1930 चं ते साल पुन्हापुन्हा आठवतं ते यासाठी. तेव्हा दोन देश एकमेकांना देश म्हणूनही मानत नव्हते. वैर आजच्याइतकंच पक्कं होतं. तरी मेलेल्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी एक झरोका उघडा ठेवावा एवढं शहाणपण दोन्हीकडे होतं. मालवाहू, व्यापारी, पर्यटक, सगळ्यांना बंदी घाला. पण आजारपण, मयत आणि रक्ताचं नातं यांच्यासाठी महिन्याकाठी एक छोटं विमान उडालं तर कुठल्याही महासत्तेचं नाक कापलं जात नाही. हे होऊ शकतं, कारण झालेलं आहे. याच समुद्रावर, यापेक्षा कितीतरी खटारा विमानांनी.

पोस्ट लांबली. पण पुढच्या वेळी कुणी अमुक ठिकाण किती लांब आहे असं विचारलं, तर किलोमीटर सांगायच्या आधी एक विचारून घ्या: कुणासाठी?